माया लोकांचा देश आणि काकूंचा एक दिवस

हातातलं काम चालू ठेवा, शेंगा फोडत असाल तर फोडत राहा, पण कान इकडे द्या. आज हप्त्याचं आणि बँकेच्या फेरीचं बोलायचं नाही, सहलीचं बोलायचं आहे. सहल गणपतीपुळ्याची किंवा अलिबागची नाही. मेक्सिको नावाच्या देशात कॅरिबियन समुद्राच्या काठावर माया लोकांची जुनी दगडी शहरं आहेत, तिथली आहे. ही सहल आम्ही गटाच्या बैठकीत बसून आखली. त्याला तीन बैठका लागल्या.

कारण असं झालं. आमच्या गटातल्या एका काकूंची लेक अमेरिकेत टेक्सासमध्ये असते. काकू यंदा सहा महिने तिच्याकडे जाणार आहेत. लेक म्हणाली, "आई, तू आलीस की आपण सगळे आठवडाभर मेक्सिकोला समुद्रावर जाऊ." काकूंनी बैठकीत हे सांगितलं आणि पुढं हळूच म्हणाल्या, "म्हणजे ती दोघं फिरतील, आणि मी खोलीत नात सांभाळीन. इथं काय नि तिथं काय." हे ऐकून कुणी हसलं नाही. आपल्यापैकी कितीजणी देवाचं किंवा लग्नाचं निमित्त नसताना घराबाहेर राहिल्या आहेत? पंढरपूर, तुळजापूर, जेजुरी सोडलं, माहेर सोडलं, तर यादी तिथंच संपते. म्हणून आम्ही ठरवलं, सहल नीट समजून घ्यायची, आणि तिच्यात काकूंचा स्वतःचा एक दिवस बसवायचा.

आधी जागा समजून घेऊ. मेक्सिकोच्या पूर्वेला युकातान नावाचं मोठं द्वीपकल्प आहे, तीन बाजूंनी समुद्र. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर कानकुन हे शहर आहे. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी तिथं वाळू आणि मोजके मच्छीमार होते. सरकारनं ठरवून ते शहर पर्यटनासाठी वसवलं, आणि १९७४च्या सुमारास पहिली हॉटेलं उघडली. टेक्सासमधल्या ह्यूस्टनहून विमानानं दोन-सव्वादोन तास लागतात, म्हणून तिकडे राहणारी आपली मराठी माणसंही सुट्टीला तिथं जातात. आपल्या घड्याळापेक्षा तिथलं घड्याळ साडेदहा तास मागं आहे. काकूंनी सकाळी दहाला फोन केला तर आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतील, हे ध्यानात ठेवा, नाहीतर भलत्या वेळी फोन वाजेल.

आणि माया म्हणजे आपली माया नव्हे, आईची माया नाही की संतांची माया नाही. ते लोकांचं नाव आहे. हे लोक संपले, नाहीसे झाले असं बरेचजण समजतात, पण ते खरं नाही. युकातानमध्ये आजही साडेसात लाखांहून जास्त माणसं माया भाषा बोलतात. कानकुनच्या हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या कितीतरी बायका आतल्या खेड्यांतून आलेल्या माया बायकाच आहेत. लेकीला आम्ही निरोप दिला, खोलीतून निघताना बक्षिसी उशीजवळ ठेव, काउंटरवर नको.

कधी जायचं, यावर पहिल्या बैठकीत पुष्कळ वेळ गेला. जून ते नोव्हेंबर तिकडे चक्रीवादळांचा हंगाम असतो. नाताळात सगळं महाग. मार्चमध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांना सुट्टी लागते, तेव्हा किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. साधारण एप्रिलपासून समुद्रातून तपकिरी शेवाळ वाहून येतं, त्याला सरगासम म्हणतात. त्याचे ढीगच्या ढीग वाळूत कुजतात आणि वास सुटतो. राहिला जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी. हवा कोरडी, ऊन सोसण्यासारखं. अधूनमधून उत्तरेकडून गार वारं सुटतं, तेवढी एक शाल घ्यायची. फेब्रुवारी ठरला.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण ते कंटाळवाणं असलं तरी घोडं तिथंच अडतं. ज्यांच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा आहे त्यांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण परत अमेरिकेत शिरायचं आहे, म्हणून तो व्हिसा अनेकदा प्रवेश देणारा आहे ना, हे पाहायचं. नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर पुन्हा बघायला लेकीला सांगितलं आहे. आपल्याकडची खरी अडचण नावाची. आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, बँकेत तिसरंच. काकूंचं तसंच होतं, दुरुस्तीला चार महिने गेले. तुमच्यापैकी कुणाला कुठंही जायचं नसलं तरी ही नावं आताच एक करून घ्या. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, मोठ्या बॅगेत नाही. विमा घेताना आधीचे आजार लपवायचे नाहीत.

आता पैशाचं. तिकीट आणि हॉटेल लेक करणार. पण काकू म्हणाल्या, "माझ्या दिवसाचा खर्च मी करीन." मग बैठकीत प्रश्न निघाला, गटातून सहलीसाठी कर्ज द्यायचं का? एकजण म्हणाली, लोक हसतील. दुसरी म्हणाली, मांडवाला आणि बँडला कर्ज देतो तेव्हा कोण हसतं? दोघींचं ऐकलं. आमचं मत पडलं की कर्ज द्यायचं नाही. हसण्याला भिऊन नाही, तर सहल आठवड्यात संपते आणि हप्ता वर्षभर चालतो म्हणून. त्याऐवजी आम्ही एक वेगळा डबा सुरू केला, आठवड्याला वीस रुपये, ज्यांची इच्छा त्यांनी टाकायचे. गटाच्या बचतीत तो मिसळायचा नाही, त्याची वही वेगळी. काकूंनी दोन बोकड विकले, त्यांतले काही पैसे बाजूला काढले. तिथं मेक्सिकोचं नाणं पेसो. डॉलरही घेतात, पण डॉलरनं दिलं की हिशोबात आपलं नुकसान होतं, म्हणून पेसो जवळ ठेवायचे आणि टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवायचं.

आता आखणी. सगळे दिवस कानकुनच्या एकाच हॉटेलात काढायचे, हा लेकीचा बेत होता. तिथं मनगटाला पट्टी बांधतात, खाणंपिणं सगळं आधीच भरलेल्या पैशात. लहान मूल असलं की ते सोयीचं, नाकारत नाही. पण त्यानं माणूस फाटकाबाहेर पडतच नाही, आणि पैसाही फाटकाबाहेर फारसा पडत नाही. म्हणून आम्ही सुचवलं, पहिले दिवस किनाऱ्यावर, मग एक मुक्काम आतल्या बाजूला वायादोलिद या छोट्या गावी, घरगुती ठिकाणी.

किनाऱ्यावरचं पहिलं बघायचं ठिकाण तुलुम. कानकुनपासून सुमारे १३० किलोमीटर. समुद्राच्या कड्यावर बसलेलं माया लोकांचं तटबंदीचं शहर. तीन बाजूंनी दगडी तट आणि चौथ्या बाजूला कडा आणि समुद्र. तेराव्या ते पंधराव्या शतकात हे भरभराटीचं बंदर होतं. होड्यांतून मीठ, मध, कापड, काळी काच यायची-जायची. १५१८ साली स्पॅनिश जहाजं या किनाऱ्यावरून गेली तेव्हा इथं वस्ती होती. आपल्या सिंधुदुर्गाला किंवा मुरुडला गेलेल्यांना तटाजवळचा समुद्र ओळखीचा वाटेल, फक्त इथलं पाणी निळंहिरवं आणि वाळू पिठासारखी पांढरी. दगडांवर घोरपडीसारखे इग्वाना ऊन खात पडलेले असतात, ते काही करत नाहीत. सावली नाही, म्हणून सकाळी उघडल्याउघडल्या जायचं. रविवार टाळायचा. त्या दिवशी तिथल्या लोकांना प्रवेश मोफत असतो, गर्दी होते.

तुलुमहून आत पाऊण तासावर कोबा. इथला पिरॅमिड ४२ मीटर उंच आहे, पण काकूंच्या गुडघ्यांच्या कामाची गोष्ट दुसरीच. अवशेष जंगलात लांबलांब पसरलेले आहेत, आणि आत तीनचाकी सायकलगाडी मिळते, चालवणारा माणूस पुढं-मागं नेतो. इथून पांढऱ्या चुनखडीचे उंच बांधलेले रस्ते निघायचे, त्यांतला एक शंभर किलोमीटर लांब होता. चाकाची गाडी नव्हती, बैल-घोडा नव्हता. हे सगळं पायी चालण्यासाठी.

मग वायादोलिदला मुक्काम करून पहाटे चिचेन इत्सा. मेक्सिकोचं चित्र म्हणून जो पायऱ्यांचा पिरॅमिड आपण पाहतो, तो हाच. सुमारे ३० मीटर उंच, चार बाजूंना एक्क्याण्णव-एक्क्याण्णव पायऱ्या, आणि वरची एक धरून ३६५. दगडात बांधलेलं पंचांगच. मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र सारखी होते त्या सुमारास, उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर उन्हाचे त्रिकोण पडतात आणि खालच्या दगडी सापाच्या तोंडाला मिळतात, जणू साप उतरतो आहे. काकूंना ते दिसणार नाही, पण त्या दिवशीच्या चेंगराचेंगरीपेक्षा ते बरं. वर चढायला आता बंदी आहे, हे ऐकून काकूंना हायसं वाटलं. माया लोकांची आकडे लिहायची रीत आम्ही बैठकीत फळ्यावर काढली. एकाला ठिपका, पाचाला आडवी रेघ, शून्याला शिंपल्याचं चिन्ह. आपण दहाच्या पटीनं मोजतो, ते विसाच्या. आपल्या म्हाताऱ्या अजून कोडीनं, विसानं मोजतात, त्यांना ते लगेच कळलं. शिकलेल्यांना उशीर लागला.

इथं पाण्याचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. युकातानच्या उत्तर भागात नदी नाही. जमीन चुनखडीची, पाऊस पडला की झिरपून खाली जातो. जिथं छत कोसळतं तिथं खोल विहिरीसारखा खड्डा होतो, तळाशी निळं पाणी. त्याला सेनोते म्हणतात. गावं त्यांच्या आधारानं वसली. जिथं सेनोते नव्हते, जसं डोंगराळ बाजूच्या उश्मालला, तिथं लोकांनी जमिनीत बाटलीच्या आकाराची टाकी खोदली, आतून गिलावा केला आणि पावसाचं पाणी साठवलं. तिथल्या भिंतींच्या कोपऱ्यांवर लांब नाकाचा पाऊसदेव चाक कोरलेला आहे, एक-दोन नव्हे, शेकड्यांनी. नवव्या शतकात दक्षिणेकडची मोठमोठी माया शहरं ओस पडली, आणि लांबलेले दुष्काळ हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. टँकरची वाट पाहिलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. चिचेन इत्साच्या मोठ्या सेनोतेत पाऊसदेवाला सोनं, हिरवा दगड वाहायचे, आणि माणसांचे सांगाडेही त्यातून निघाले आहेत. तिथं उतरता येत नाही. दुसऱ्या कितीतरी सेनोतेंत पोहता येतं. आधी अंघोळ करायची, अंगाला तेल-मलम लावून उतरायचं नाही, कारण गावाचं पिण्याचं पाणी जमिनीखालून त्याच पाण्याला जोडलेलं असतं. तरंगणारं जाकीट घालायचंच. साडी नेसून पाण्यात उतरू नका, भिजल्यावर ती पायात गुंतते. काकूंनी सलवार-कुर्ता शिवून घेतला आहे, गडद रंगाचा. घरी दाखवलेला नाही.

खाण्याची काळजी सगळ्यांत आधी निघाली होती, आणि तीच सगळ्यांत कमी निघाली. तिथलं मुख्य अन्न मका. बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, धुतात, वाटतात आणि हातानं थापून तव्यावर टाकतात. चुन्यानं साल सुटते, आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व शरीराला लागू होतं. युरोपात हा मका गेला पण चुन्याची रीत गेली नाही, तिथं नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. म्हणजे बी नेलं आणि बायकांची अक्कल मागं ठेवली. सोबत काळ्या घेवड्याची उसळ, भात, मिरचीचा ठेचा. काकू शाकाहारी आहेत, त्यांना तीन शब्द पाठ करून दिले. 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको, 'सिन पोयो' म्हणजे कोंबडी नको, आणि 'सिन मान्तेका', कारण उसळीला डुकराच्या चरबीची फोडणी असू शकते. नळाचं पाणी प्यायचं नाही, बाटलीचं प्यायचं.

आणि तिथं गेल्यावर काकूंना अर्धी झाडं ओळखीची दिसणार आहेत. मिरची मेक्सिकोची. पपई, पेरू, सीताफळ त्याच खंडाकडची. चिकू तर थेट युकातान आणि आसपासच्या जंगलातला. त्याच्या खोडाला नागमोडी चिरा पाडून चीक काढायचे आणि त्याचं च्युइंगम बनायचं. डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं मूळ माहेर हे. बांधावरचं घायपातही तिकडचंच. युकातानमध्ये त्याच्या भावकीतल्या एनेकेन नावाच्या घायपाताचे मोठमोठे मळे होते, दोरखंड जगभर जायचे, आणि मालक गडगंज झाले. राबायचे माया मजूर. मजुरी मालकाच्या दुकानातच खर्च करायची, उधारी कधी फिटायची नाही, आणि फिटल्याशिवाय मळा सोडता यायचा नाही. बापाचं कर्ज पोराच्या नावावर चढायचं. मेक्सिकोतल्या क्रांतीच्या काळात, १९१५च्या सुमारास, ती वेठ कायद्यानं मोडली. आज त्या वाड्यांची झकपक हॉटेलं झाली आहेत. लेकीनं त्यांतलं एक पसंत केलं होतं. राहू नका असं आम्ही म्हटलं नाही, पण ही गोष्ट सांगितली. नंतर तिनं वायादोलिदचं घरगुती ठिकाण घेतलं.

आता काकूंचा दिवस. आम्ही त्यांच्यापुढं सगळी ठिकाणं ठेवली आणि विचारलं, यातलं तुमचं कुठलं? त्यांनी पिरॅमिड घेतला नाही. त्यांनी कोसुमेल घेतलं. किनाऱ्यासमोरचं बेट आहे, प्लाया देल कार्मेनच्या धक्क्यावरून बोटीनं पाऊण तास. तिथं सान हेर्वासिओ म्हणून ठिकाण आहे, इश्चेल देवीचं. चंद्राची, बाळंतपणाची, औषधाची आणि विणकामाची देवी. स्पॅनिश लोक येण्याआधी लांबलांबून माया बायका पायी किनाऱ्यापर्यंत यायच्या, तिथून होडक्यात बसून हा समुद्र ओलांडायच्या आणि देवीपुढं मागणं मागायच्या. उंच देऊळ नाही आता. बुटक्या दगडी खोल्या, एक कमान, आणि झाडीतून जाणारी तीच जुनी वाट. बघणाऱ्यांची गर्दी चिचेन इत्साला असते, इथं नाही. उत्तरेला आणखी एक बेट आहे, तिथं १५१७ साली स्पॅनिशांना देवीच्या मूर्ती सापडल्या, म्हणून त्यांनी त्याचं नावच ठेवलं इस्ला मुखेरेस, बायकांचं बेट. काकू म्हणाल्या, "देव पुन्हा आलाच की." आम्ही म्हटलं, आला तर आला, पण इथं तुम्हाला नवस फेडायचा नाही.

एकटीनं जाणं भाषेमुळं जमणार नाही. म्हणून बेत असा, की लेक आणि आई दोघी जातील आणि त्या दिवशी नात जावयांकडे राहील. हे फोनवर बोलायला काकू तयार होईनात. "जावयाला कसं सांगू?" आम्ही म्हटलं, जावयाला नका सांगू, लेकीला सांगा. शेवटी बैठकीतच फोन लावला, आणि काकू बोलल्या. लेक म्हणाली, "बघू." तेवढंच. काकूंनी फोन ठेवला आणि वहीत सही करायला घेतली, जणू काही झालंच नाही.

तिसऱ्या दिवशी लेकीचा संदेश आला. त्यात बोटीच्या वेळा होत्या, सकाळी आठची जायची आणि दुपारी चारची परतीची. खाली जावयांनी लिहिलं होतं, बाळ दुपारी झोपताना कुठलं गाणं लागतं, ते आई आल्या की शिकवून ठेवा.

बोटीत मळमळतं, म्हणून काकूंनी आलेपाक करून घेतला आहे. पासपोर्ट आला आहे, व्हिसाही झाला आहे. फिरतीच्या डब्यात आतापर्यंत अकराजणी पैसे टाकतात. त्यांतल्या पाचजणींनी येत्या हिवाळ्यात डहाणूला समुद्र बघायला आणि चिकूच्या वाडीत एक रात्र राहायला जायचं ठरवलं आहे. घरी काय सांगायचं, यावर पुढच्या मंगळवारी बैठक आहे.